फोटोच्या जागी अक्षरांचा ढीग का दिसतो?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकाच विषयाचे प्रश्न इतके निघाले की सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. विषय म्हणजे फाइलचं साधं टेक्स्ट करून पाठवणं, बेस६४ आणि त्याची बाकीची भावंडं. पत्रं थोडी छोटी केलीत, प्रश्न मात्र तुमचेच आहेत.

प्रश्न: ताई, एका मेलचा मूळ सोर्स उघडून बघितला. फोटो अटॅच होता, पण तिथे फोटोच्या जागी इंग्रजी अक्षरं, आकडे, मधेच + आणि / असं पानंच्या पानं भरलेलं. फोटो गेला कुठे? आणि तो जसाच्या तसा का पाठवत नाहीत?

उत्तर: फोटो तिथेच आहे, एकही बाइट (आठ बिटांचा, म्हणजे आठ ०/१ चा गट) कमी झालेला नाही, फक्त प्रवासापुरता त्याचा अवतार बदललाय. असं का करावं लागतं ते जरा सविस्तर सांगते कारण हे एकदा कळलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

ईमेल पोचवायचे नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली लिहिले गेले तेव्हा मेल म्हणजे इंग्रजीत टाइप केलेला मजकूर एवढंच डोक्यात होतं. त्यामुळे अक्षराला सात बिट पुरतील, आठवा बिट वापरायचा नाही, ओळ शेवटच्या खुणेसकट १००० अक्षरांच्या पुढे जाऊ द्यायची नाही, आणि एखाद्या ओळीवर नुसतंच एक टिंब आलं तर मेल तिथे संपला असं समजायचं, हे सगळं नियमातच होतं. आता फोटोची फाइल बघा. तिच्यात ० ते २५५ मधली कुठलीही किंमत कुठेही येऊ शकते, ओळ वगैरे काही प्रकार नसतो, आणि योगायोगाने नवी ओळ, टिंब, नवी ओळ असे बाइट लागोपाठ आले तर सर्व्हर म्हणणार की झालं, मेल संपला, आणि अर्धा फोटो तिथेच तुटणार. शिवाय वाटेतली मशिन्स वेगवेगळी. कोणी ओळीच्या शेवटी एक खूण ठेवायचं तर कोणी दोन, आणि आपल्या पद्धतीप्रमाणे ती बदलूनही टाकायचं. मजकुरात असा बदल झाला तर कोणाला कळतही नाही, फोटोत झाला तर फाइल उघडतच नाही.

ही भीती किती खरी होती ते पीएनजी फाइलच्या पहिल्या आठ बाइटांत दिसतं, आणि मला तो भाग फार आवडतो. पहिला बाइट १३७, म्हणजे मुद्दाम १२७ च्या वरचा, वाटेत कोणी आठवा बिट छाटला तर लगेच लक्षात यावं म्हणून. मग पी, एन, जी ही तीन अक्षरं. मग विंडोज पद्धतीची ओळ बदलायची जोडखूण, मग जुन्या डॉसमध्ये फाइल संपल्याचा अर्थ असलेला एक बाइट, आणि शेवटी युनिक्स पद्धतीची ओळ बदलायची खूण. म्हणजे फाइल बनवणाऱ्यांनी दारातच सापळे लावून ठेवलेत, वाटेत कोणी ढवळाढवळ केली तर पहिल्या आठ बाइटांतच पकडलं जातं.

मग यावर उपाय काय काढला, तर सगळ्या मशिन्सवर न बदलता पोचतील अशी ६४ चिन्हं निवडली, म्हणून नाव बेस६४. इंग्रजी कॅपिटल २६, छोटी २६, आकडे १०, आणि + व /. त्यात टिंब नाही, स्पेस नाही, चौकटी कंस नाहीत, म्हणजे जिथे जिथे गडबड व्हायची ते काहीच नाही. ६४ का, तर सहा बिटांत बरोबर ६४ किंमती बसतात. फाइलचे तीन बाइट घ्यायचे, ते झाले २४ बिट, त्यांचे सहा-सहाचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक चिन्ह द्यायचं. तीनाचे चार, बस एवढाच हिशोब आहे.

आपल्याच अक्षरावर करून बघू. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटांचं असतं, २२४, १६४ आणि १४९. बिटांत लिहिलं तर १११००००० १०१००१०० १००१०१०१. हेच सहा-सहाने तोडा, १११००० ००१०१० ०१००१० ०१०१०१, म्हणजे ५६, १०, १८, २१. तक्त्यात ० ते २५ कॅपिटल अक्षरं, २६ ते ५१ छोटी, ५२ ते ६१ आकडे, ६२ म्हणजे + आणि ६३ म्हणजे /. तर ५६ ला आकडा ४, १० ला के, १८ ला एस, २१ ला व्ही. ‘क’ चं झालं ४-के-एस-व्ही, सगळी कॅपिटल. एकदा कागदावर करून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे पण मग हा ढीग कधीच अनोळखी वाटत नाही.

शेवटी तीनाचा गट पूर्ण होत नसेल तर = लावून भरती करतात. एकच बाइट उरला तर दोन = आणि दोन उरले तर एक. म्हणून शेवटी कधी == असतं, कधी नुसतं =, कधी काहीच नाही.

मेलमध्ये हे रुळलं ते माइम नावाच्या स्टँडर्डमुळे, १९९२ च्या जूनमध्ये ते आलं, नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी लिहिलेलं. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी फोटो आणि गाण्याचं रेकॉर्डिंग जोडलेला मेल पाठवला होता. आजचे बहुतेक सर्व्हर आठवा बिट घेतात, पण ओळीच्या लांबीचे आणि ओळीच्या शेवटच्या खुणांचे नियम राहिलेतच, म्हणून अटॅचमेंट आजही याच अवतारात जाते.

अजून एक गंमत, हा ढीग न उलगडता फाइल कुठली ते ओळखता येतं, कारण प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जे-व्ही-बी-ई-आर ने सुरू झालं तर पीडीएफ. छोटा आय आणि मग व्ही-बी-ओ-आर आलं तर पीएनजी. स्लॅश, ९ आणि छोटा जे म्हणजे जेपीईजी. आणि यू-ई, मग छोटा एस, मग डी-बी म्हणजे झिप, वर्ड एक्सेलच्या नव्या फाइल पण यातच येतात कारण आतून त्या झिपच आहेत.

प्रश्न: मेलची मर्यादा २५ एमबी लिहिलीय, माझी फाइल फक्त २० एमबीची आहे तरी जात नाही. असं का?

उत्तर: काचेचं सामान गवतात गुंडाळून पाठवलं तर वजन गवतासकट धरतात, तसंच. तीनाचे चार झाले म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढला, त्यात माइमचा नियम असा की दर ७६ अक्षरांनी ओळ तोडायची, त्या खुणांची भर पडून वाढ ३७ टक्क्यांच्या आसपास जाते. तुमची २० एमबीची फाइल प्रवासात २७ च्या पुढे गेली. मर्यादा पूर्ण मेलवर मोजत असतील तर १८ एमबीच्या आतली फाइल धरून चाला, त्याहून मोठी असेल तर लिंक पाठवणंच बरं.

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितलं की ग्राहकांचे पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवलेत. मी सहज फाइल उघडली तर प्रत्येक पासवर्डच्या शेवटी = किंवा == आहे. हे सुरक्षित आहे ना?

उत्तर: शेवटी = दिसतंय एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण खरंच एन्क्रिप्ट केलेला डेटासुद्धा ठेवायच्या सोयीसाठी पुष्कळदा बेस६४ मध्ये लिहितात. तपासायचं असं, त्यातली एक ओळ घ्या आणि उलटी फिरवा. लिनक्स आणि मॅकवर बेस६४ नावाचीच कमांड असते, विंडोजवर सर्टयुटिल आहे. हे आपल्याच कॉम्प्युटरवर करा, कुठल्यातरी ऑनलाइन डीकोडर साइटवर ग्राहकाचा पासवर्ड पेस्ट करू नका, प्लीज. ऑफिसची फाइल आहे तेव्हा वरिष्ठांना सांगून, त्यांच्यासमोर केलंत तर उत्तम.

आता उलटं फिरवल्यावर समोर अगम्य बाइट आले तर निदान काहीतरी केलेलं आहे असं म्हणता येईल. पण वाचता येण्यासारखा पासवर्डच आला तर ते एन्क्रिप्शन नाही. अजिबात नाही. एन्क्रिप्शनला किल्ली लागते आणि ती नसेल तर उघडत नाही, बेस६४ ला किल्लीच नाही, तक्ता सगळ्या जगाला माहीत आहे, वर मी तुम्हाला एका परिच्छेदात सांगितला तोच. वाचता येत नाही आणि कळत नाही यात फरक आहे आणि हा फरक न समजल्यामुळे लोकांची माहिती उघड्यावर पडते म्हणून मी एवढं जोर देऊन सांगतेय.

हाच गैरसमज बाकी ठिकाणी पण दिसतो. वेबवर बेसिक ऑथेंटिकेशन नावाची पद्धत आहे, त्यात नाव आणि पासवर्ड मधे कोलन देऊन बेस६४ करून प्रत्येक विनंतीबरोबर जातात, पण त्यांचं रक्षण करतं ते एचटीटीपीएस, म्हणजे वेबवरची एन्क्रिप्ट केलेली जोडणी, बेस६४ नाही. कुबरनेटीस (सर्व्हरवरची ॲप्लिकेशन्स चालवायची व्यवस्था) मधल्या सीक्रेट्स बघितल्या तरी तेच, दिसतात बेस६४ मध्ये म्हणून लोक निर्धास्त होतात. लॉगिनचे पासवर्ड ठेवायची पद्धत वेगळी आहे, ते परत वाचता येतील असे ठेवायचेच नसतात, बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ सारख्या पद्धतीने सॉल्ट (प्रत्येक पासवर्डसाठी वेगळी, अंदाज न येणारी भर) घालून हॅश (उलटा न फिरवता येणारा ठसा) ठेवायचा. तुमच्याकडे नुसतं बेस६४ निघालं तर आधी ती फाइल कोणाकोणाला उघडता येते ते बंद करा, मग पद्धत बदलून घ्या आणि सगळ्या ग्राहकांना पासवर्ड बदलायला लावा, हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

प्रश्न: मराठीत विषय लिहिलेला मेल कधी कधी विषयाच्या जागी =?यूटीएफ-८?बी? आणि पुढे नुसती अक्षरं असा येतो. मेल खराब झाला का?

उत्तर: नाही, वाचणाऱ्या प्रोग्रामने उलगडायचं काम केलं नाही एवढंच. मेलच्या वरच्या भागात, म्हणजे हेडरमध्ये, साध्या इंग्रजीबाहेरची अक्षरं अशी पॅक करून टाकतात. ‘बी’ म्हणजे बेस६४. तिथे ‘क्यू’ असेल तर दुसरी पद्धत, कोटेड प्रिंटेबलसारखी, तिच्यात इंग्रजी अक्षरं तशीच राहतात आणि बाकीच्या प्रत्येक बाइटचे = आणि दोन चिन्हं असे तीन होतात. इंग्रजीत मधेच एखादं वेगळं अक्षर आलं तर ती पद्धत छान, वाचताही येतं. पण मराठीत एक अक्षर किंवा मात्रा तीन बाइटांची, म्हणजे प्रत्येकाची नऊ चिन्हं! बेस६४ मध्ये चारच. मराठी मजकुराला बेस६४ च योग्य.

प्रश्न: ताई, मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मराठी शब्द बेस६४ करून लिंकमध्ये टाकतोय. ‘मन’ टाकलं तर चालतं, ‘मान’ टाकलं की सर्व्हरला वेगळंच काहीतरी मिळतं. ‘दीन’ चालतं, ‘दिन’ ला पेजच सापडत नाही म्हणतो. मराठीचा सपोर्ट नाही का?

उत्तर: तुझं निरीक्षण इतकं नेमकं आहे की मला उत्तर लिहायला मजा येतेय. मराठीच्या सपोर्टचा काही दोष नाही. वर ‘क’ चं केलं तसं काना आणि वेलांटीचं करून बघ. काना, म्हणजे ‘ा’, याचे बाइट २२४, १६४, १९०. शेवटचे सहा बिट १११११०, म्हणजे ६२, म्हणजे +. पहिली वेलांटी ‘ि’ त्याच्या पुढची, शेवटचा बाइट १९१, सहा बिट ११११११, म्हणजे ६३, म्हणजे /. बेस६४ च्या ६४ चिन्हांत लिंकमध्ये त्रास देणारी ही दोनच, आणि मराठीत जागोजागी येणाऱ्या दोन मात्रांच्या वाट्याला नेमकी तीच आली!

लिंकमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढच्या भागात + आला तर बहुतेक सर्व्हर त्याची स्पेस करतात, म्हणून ‘मान’ बिघडलं. / म्हणजे पत्त्याचा पुढचा टप्पा, तू शब्द कुठेतरी पत्त्यातही टाकत असणार, म्हणून ‘दिन’ ला पेज सापडेना. दुसऱ्या वेलांटीला मात्र कॅपिटल ए येतं, म्हणून ‘दीन’ सुखरूप पोचलं.

उपाय सोपा आहे, लिंकसाठी वेगळं बेस६४ असतंच, २००६ च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात दिलेलं. + च्या जागी - आणि / च्या जागी _ एवढाच फरक, आणि शेवटचे = बहुतेक जण काढून टाकतात कारण लिंकमध्ये = ला पण अर्थ असतो. जवळजवळ सगळ्या भाषांच्या लायब्ररीत यूआरएल सेफ नावाने हे तयार मिळतं, हाताने अक्षरं बदलत बसू नको. आणि दोन्हीकडे तेच वापर, पाठवताना एक आणि उलगडताना दुसरं असं झालं की पुन्हा हाच घोळ, तोसुद्धा काही शब्दांपुरताच, म्हणून शोधायला फार वेळ जातो.

एक लक्षात ठेव, ही मात्रांची गणितं पहिल्या शब्दापुरती नक्की. पुढे स्पेस आली की ती एकाच बाइटची असल्यामुळे तीनाचे गट सरकतात आणि त्याच अक्षरांची वेगळी चिन्हं दिसायला लागतात. तीन स्पेस होऊन गेल्या की पुन्हा जुळतं. त्यामुळे टेस्ट करताना एकेक शब्द टाकून सगळं ठीक वाटलं तरी पूर्ण वाक्य टाकून बघ.

प्रश्न: जुन्या सीडीवर एक टेक्स्ट फाइल सापडली. पहिली ओळ ‘बिगिन ६४४’ आणि पुढे फाइलचं नाव, मग प्रत्येक ओळ कॅपिटल एम ने सुरू. यातून मूळ फाइल निघेल का?

उत्तर: बहुतेक निघेल. हे यूयूएन्कोड आहे, बेस६४ च्या आधीचं, १९८० मध्ये बर्कली विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी केलेलं. ६४४ म्हणजे युनिक्समधली फाइलची परवानगी, मालकाला वाचता-लिहिता येईल, बाकीच्यांना फक्त वाचता. आणि एम म्हणजे त्या ओळीत किती बाइट आहेत त्याचा आकडा. पूर्ण ओळीत ४५ बाइट, त्यात ३२ मिळवले की ७७, आणि ७७ नंबरचं अक्षर एम. शेवटची ओळ छोटी असते म्हणून ती वेगळ्या अक्षराने सुरू होते आणि सगळ्यात खाली ‘एंड’ असतं.

युनिक्स लिनक्सवर यूयूडीकोड कमांड, विंडोजवर विनरारसुद्धा अशी फाइल उघडतं. पायथॉनमधलं यूयू मॉड्यूल ३.१३ पासून काढून टाकलंय, पण बायनॅस्की या मॉड्यूलमध्ये एकेक ओळ उलगडायची सोय आहे. मूळ फाइलची कॉपी करून मगच हात लावा, आणि एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका! कारण जुन्या यूयूएन्कोडमध्ये शून्याला स्पेस वापरायचे, आणि काही एडिटर ओळीच्या शेवटच्या स्पेस गुपचूप काढून टाकतात. हाच त्रास मेलमध्ये व्हायचा म्हणून पुढे स्पेसच्या जागी उलटा टिक (`) वापरायला लागले. तुमच्या फाइलमध्ये उलटे टिक दिसत असतील तर काळजी कमी.

प्रश्न: चॅटमधून बेस६४ कॉपी करून फाइल बनवली, फोटोचा वरचा भाग नीट दिसतो आणि खाली सगळा चिखल. चूक कुठे शोधू?

उत्तर: जिथून चिखल सुरू होतो त्या जागी एखादं अक्षर गळलेलं असणार. एक अक्षर चुकीचं पडलं तर एखाद-दोन बाइट बिघडतात, पण एक गळलं तर पुढचे सगळे बिट सरकतात. ओळी तुटल्याने सहसा काही होत नाही. बेस६४ मध्ये चूक ओळखायची काही सोयच नाही, म्हणून पाठवणाऱ्याकडून मूळ फाइलचा एसएचए-२५६ (फाइलच्या बाइटांवरून निघणारा ठसा) मागून घ्या आणि तुमच्याकडच्या फाइलशी ताडून बघा. जुळला नाही तर गळलेलं अक्षर शोधत बसण्यापेक्षा फाइल परत मागवा.

प्रश्न: वेबपेजमध्ये आणि डेटाबेसमध्ये फोटो बेस६४ करून ठेवावेत का?

उत्तर: डेटाबेसमध्ये नको. त्याला बाइट जसेच्या तसे ठेवता येतात, बीएलओबी नावाचा बायनरी डेटाचा प्रकार त्यासाठीच आहे, नाहीतर फाइल बाहेर ठेवून फक्त पत्ता ठेवा. वेबपेजमध्ये अगदी छोटे आयकॉन असतील तर चालेल, मोठे फोटो टाकलेत तर पेज फुगतं आणि ब्राउझरला फोटो वेगळा साठवून ठेवता येत नाही, पेज बदललं की तोच फोटो परत उतरवतो. जेसन (प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवतात तो टेक्स्टचा साचा) मधून फाइल पाठवायची असेल तर मात्र इलाज नाही, त्यात बायनरी टाकायची जागाच नाही.

प्रश्न: ऑथेंटिकेटर ॲपची सीक्रेट की हाताने टाकावी लागली. त्यात कॅपिटल अक्षरं आणि काही आकडे होते, पण ० आणि १ कुठेच नव्हते. योगायोग का?

उत्तर: योगायोग नाही, ते बेस३२ आहे. मशीनने मशीनला पाठवायचं असेल तर बेस६४ ठीक, पण माणसाने वाचून टाइप करायचं असेल तर कॅपिटल आणि छोट्या अक्षरांचा फरक हीच मोठी डोकेदुखी, फोनवर सांगताना तर विचारूच नका. म्हणून बेस३२ मध्ये एकाच प्रकारची अक्षरं. पाच बाइटांची आठ चिन्हं होतात, म्हणजे आकार ६० टक्के वाढतो, पण की छोटीच असल्यामुळे ते चालून जातं. दुसऱ्या टोकाला आस्की८५ आहे, चार बाइटांची पाच चिन्हं, पीडीएफच्या आत सापडतं, वाढ २५ टक्केच, पण त्यात विरामचिन्हं इतकी की हाताने टाइप करायचा विचारही करू नये. बिटकॉइनचे जुने पत्ते बेस५८ मध्ये असतात, तिथेही शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि छोटा एल असे एकसारखे दिसणारे चारही मुद्दाम गाळलेत.

तुमच्या कीमध्ये ० आणि ओ, १ आणि आय यांची गल्लत होऊ नये म्हणून ते दोन आकडे सोडलेत. २६ अक्षरं आणि २ ते ७ हे सहा आकडे मिळून ३२ पूर्ण होतात, त्यामुळे ८ आणि ९ पण त्यात कधीच येत नाहीत. की टाइप करताना यातला एखादा आकडा दिसतोय असं वाटलं तर परत नीट बघा, ८ वाटतोय तो बहुतेक बी असेल.